एक खोली, एक विषय, बेताची आरास

(श्रावणात सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

श्रावण अर्ध्यावर आला. अजून वीसेक दिवसांनी गणपती बसतील आणि त्यांच्या मागोमाग गौरी येतील. अनुराधा नक्षत्रावर येतील, ज्येष्ठावर जेवतील आणि मूळ नक्षत्रावर निघतील. तीन दिवसांच्या या पाहुण्या. कुठे त्यांना महालक्ष्म्या म्हणतात, कुठे तेरड्याची गौर असते, कुठे नदीवरून पाच-सात खडे आणून पुजतात. रीत वेगळी असली तरी एक गोष्ट सगळीकडे सारखी असते. गौर येणार म्हटलं की घरातली बाई आधी खोलीकडे बघते आणि मनात म्हणते, यंदा आरास काय करायची?

आज आम्ही त्याच खोलीबद्दल बोलणार आहोत. एखादा विषय धरून खोली सजवायची कशी, आणि सजवता सजवता थांबायचं कुठे. वही-पेन जवळ असेल तर घ्या. नसेल तरी चालेल, कारण लक्षात ठेवण्यासारखं थोडंच आहे.

पूर्वी आपण आरास म्हणायचो, देखावा म्हणायचो. आता पोरं थीम म्हणतात. शब्द कोणताही असू दे, कल्पना चांगली आहे. कुणी पंढरीची वारी मांडतं, कुणी किल्ला, कुणी आठवडी बाजार, कुणी गौरीचं डोहाळजेवण. अडचण येते ती हे सगळं एकाच खोलीत आलं म्हणजे. वारकरी किल्ल्यावर चढलेले, किल्ल्यावरून धबधबा पडतोय, धबधब्याशेजारी मोर, वर लाल-निळे दिवे लुकलुकताहेत, आणि या गर्दीत गौरीचे मुखवटे कुठेत ते शोधावं लागतं. हळदी-कुंकवाला आलेली बाई म्हणते, “छान केलंय हो,” आणि पाच मिनिटांत निघते. बसायला जागाच नसते.

पण हा प्रश्न नुसता दिसण्याचा नाही. आमच्या गटाच्या बैठकीत तो पैशाच्या रूपात आला, म्हणून आज इथे बोलतोय.

श्रावणात कर्जाचे अर्ज जास्त येतात, हे तुम्हा गटवाल्यांना सांगायला नको. खतासाठी येतात, मुलांच्या फीसाठी येतात, आणि अलीकडे सजावटीसाठीही येतात. मागे एकदा आमच्यातल्या एकीने पाच हजार मागितले. कारणाच्या रकान्यात तिने सरळ लिहिलं होतं, “गौरीची आरास.” पुष्कळ जणी अशा वेळी “घरखर्च” लिहितात. तिने खरं ते लिहिलं.

बैठकीत चर्चा झाली. एक काकू म्हणाल्या, “पावसाने ओढ दिलीय, बाजरी माना टाकायला लागलीय, आणि तीन दिवसांच्या झगमगाटाला पाच हजार? फेडायला वर्ष जाईल. अशा कामाला गटाचा पैसा द्यायचा नाही असा ठरावच करा.” अर्ज करणारी शांतपणे ऐकत होती. मग ती म्हणाली, “काकू, मी वर्षभर रानात राबते ते बघायला कोण येतं? माझ्या भांगलणीला कुणी छान म्हणतं का? या तीन दिवसांत सगळी आळी माझा उंबरा ओलांडून आत येते आणि माझ्या हातचं काहीतरी बघते. तेवढंच.”

यावर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. काकूंचं म्हणणं खरं होतं आणि तिचंही खरं होतं. आपण बायका हौसेला चोचले म्हणून मोकळ्या होतो. पण बाईच्या वाट्याला मिरवण्याचे दिवस किती येतात, हेही मोजायला हवं. शेवटी गटाने ठराव केला नाही. ठरलं इतकंच, की चौघींनी तिच्या घरी जायचं, खोली बघायची आणि पाच हजार न घालता तिच्या मनासारखी आरास होते का ते पाहायचं. त्या चौघींत आम्ही होतो. तिथे जे ठरत गेलं तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट खोलीची. खोली होती दहा बाय बाराची. एक दार, एक खिडकी. एका भिंतीला धान्याची पोती, वर माळा. त्याच खोलीत सासूबाई झोपतात आणि मुलगी अभ्यास करते. तुमच्यापैकी बहुतेकींच्या घरी असंच असणार. फोनवर दिसणाऱ्या आरासी मोठ्या हॉलमधल्या असतात. त्यांची नक्कल दहा बाय बाराच्या खोलीत केली की खोली भरून जाते आणि माणसं बाहेर राहतात. म्हणून सजावटीच्या आधी माणसांची जागा धरायची. दारापासून गौरीपर्यंत हातात ताट घेतलेली बाई जाईल आणि समोरून दुसरी येईल, एवढी वाट मोकळी हवी. पाच-सहा जणी मांडी घालून बसतील एवढी सतरंजी अंथरली गेली पाहिजे. सासूबाईंची झोपायची जागा त्या तीन रात्री कुठे असेल ते आधीच ठरवायचं. एवढं सोडून जी भिंत उरेल ती आरासीची. बहुतेक घरांत एकच भिंत उरते, आणि एक भिंत पुष्कळ झाली.

दुसरी गोष्ट विषयाची. आमच्या मैत्रिणीने फोनवर बघून एक यादी केली होती: किल्ला, झोपडी, विहीर, धबधबा, वारकरी, फुलांची कमान. आम्ही तिला विचारलं, “बाई गं, आलेल्या पाहुणीने विचारलं की हे काय आहे, तर यातल्या कशाबद्दल तू दहा मिनिटं बोलशील?” ती हसली. म्हणाली, “किल्ला तर मी बघितलाच नाही.” मग तिची नजर माळ्याकडे गेली. तिथे सासूबाईंची गाडगी आणि वाळलेले दुधी भोपळे होते. त्यांत बियाणं होतं. राखेत घोळून ठेवलेला घेवडा, हुलगा, मटकी, थोडा राळा. आढ्याला शाळूची कणसं आणि मक्याचे बुट्टे टांगलेले. ती म्हणाली, “याच्यावर मी तासभर बोलेन, आणि आत्या तर दिवसभर बोलतील.”

झालं, विषय ठरला. बियाणं. विषय निवडायचा तो असा. बाजारात काय मिळतं त्यावरून ठरवू नका. घरातली बाई ज्यावर बोलू शकते तो घ्या. त्या विषयाच्या वस्तू तुमच्या घरात आधीपासून असतात, मग विकत आणायचं फारसं उरत नाही. आणि बियाण्याचा विषय काही लहान नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जमवलं, जपलं, बायकांना वाटलं. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. माळ्यावरच्या गाडग्यांची किंमत एवढी असते.

तिसरी गोष्ट मांडणीची, आणि जास्त झालं-कमी झालं हा प्रश्न इथेच सुटतो. आम्ही एक साधा हिशोब धरला: एक मुख्य, दोन सोबती, बाकी सगळं गप्प.

मुख्य म्हणजे गौरी. हे विसरायचं नाही. गौरीची साडी, दागिने, मुखवटा, डोक्यावरची वेणी हेच खोलीतलं सगळ्यांत भडक आणि सुंदर असतं. त्यांच्या मागे चमकीचा पडदा आणि रंगीत कमान लावली तर गौरीच हरवते. म्हणून मागे एकच साडी लावली, सासूबाईंची साधी हिरवी सुती, बुट्टे नसलेली. माप सांगतो, उपयोगी पडेल. साडीचा पन्हा साधारण पावणेचार फूट असतो. जमिनीपासून सहा फुटांवर दोरी बांधून साडी आडवी सोडली की ती सव्वादोन फुटांपर्यंत खाली येते. खाली आपली गौरी उभी करायची मांडणी दोन फुटांची असते. म्हणजे एका साडीत मागची भिंत झाकते. साडी असते साडेपाच मीटर, भिंत दहा फुटांची, त्यामुळे मध्ये छान चुण्या पडतात. खिळे ठोकायला नकोत, साडी कापायला नको. उंचीही जमते. दोन फुटांच्या मांडणीवर तीन फुटांची गौर उभी केली की तिचं तोंड दारातून येणाऱ्या बाईच्या नजरेसमोर येतं. मांडणीवर घोंगडी अंथरली. काळ्या घोंगडीवर धान्य उठून दिसतं.

आता सोबती. पहिला सोबती गौरीच्या पुढ्यात एक मोठं सूप, त्यात बियाण्याच्या पाच राशी. पाचच. माळ्यावर अकरा प्रकार होते, आणि आमच्या मैत्रिणीला सगळे मांडायचे होते. पण अकरा मांडले तर बघणारी एकही नीट बघत नाही. पाच मांडले की ती वाकते आणि विचारते, हा कोणता? बाकीचे सहा गाडग्यांतच राहिले. कुणी विचारलं तर काढून दाखवायचे. दुसरा सोबती बाजूला टांगलेली शाळूच्या कणसांची एक जुडी, आणि तिच्या खाली परडीत आठ दिवस आधी पेरलेली ज्वारी. गौरी येईपर्यंत ती हिरवीगार लुसलुशीत झाली होती. कणसं वर, रोप खाली. बियाणं म्हणजे काय ते एका नजरेत कळतं, पाटी लिहून लावायची गरज पडत नाही. आणि हीच एक परीक्षा धरा. आरासीवर नाव लिहावं लागलं तर विषय अजून नीट उतरलेला नाही. आणि विषय एकदा कळला की तोच पुन्हापुन्हा दहा वस्तूंतून सांगू नये.

बाकी सगळं गप्प, म्हणजे विषयाचा नुसता सूर धरायचा. दारात रांगोळी काढली ती गौरीची पावलं आणि कडेने तिफणीच्या तीन रेघा, बस. तोरण आंब्याच्या पानांचं. पहिल्या दिवशी नैवेद्याला शेपूची भाजी आणि भाकरी असते, ती आपल्याच ज्वारीची. आणि हळदी-कुंकवाचं वाण म्हणून प्लास्टिकच्या वाट्या आणल्या नाहीत. कागदाच्या पुडीत गावरान घेवड्याचे सात-आठ दाणे दिले, परसात लावायला.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. तिच्या मुलीने शाळेत कागदाचं एक मोठं गुलाबी कमळ केलं होतं. बियाण्याशी त्याचा काही संबंध नाही. आमच्यातल्या एकीने ते काढायला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “ते राहणार.” राहिलं. फक्त गौरीच्या माथ्यावरून काढून दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवलं. तिथे ते एकटंच होतं, म्हणून शोभलंही. विषय म्हणजे काही कोर्टाचा कायदा नाही. पोरीचं मन मोडून कसली आरास?

एकूण खर्च दोनशे ऐंशी रुपये झाला. फुलं, सुतळी आणि पिवळ्या दिव्यांची एक माळ. पण आम्हाला खर्चापेक्षा दुसरी गोष्ट जास्त वाटली. त्या घरी आलेल्या बायका पाच मिनिटांत निघाल्या नाहीत. राळा बघून एक आजी खाली बसल्याच. त्यांच्या माहेरी राळ्याचा भात कसा करायचे ते सांगू लागल्या. दुसरी म्हणाली, माझ्याकडे काळा घेवडा आहे, तुझ्या पांढऱ्याशी बदली करू. सासूबाई एरवी पाहुण्यांत फार बोलत नाहीत, त्या तीन दिवसांत त्यांचं तोंड मिटलं नाही. आणि ती मैत्रीण, जिला आपल्या हातचं कुणी बघत नाही असं वाटत होतं, तिच्या हातचं सगळी आळी बघत होती. कर्जाचा अर्ज तिने आधीच मागे घेतला होता. पुढे रब्बीत तेवढीच रक्कम तिने शेळीसाठी घेतली. आरासीतली शाळूची जुडी महिन्याभरात मळली आणि ते बी रानात पेरलं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरी काही बियाणं नाही. हरकत नाही. विषय पुष्कळ आहेत. गोधडी घ्या: मागे एक जुनी गोधडी, बाजूला अर्धी शिवलेली दुसरी, आणि सुईदोऱ्याची पेटी. ताक घ्या: रवी, रांजण आणि लोण्याचा गोळा. दळण घ्या: जातं, सूप आणि पिठाची पाटी. पाणी घ्या: तीन हंडे, चुंबळ आणि एक दोर. ज्या गावात बाईने डोक्यावरून पाणी वाहिलं आहे तिथे तीन हंड्यांचं मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक ठिकाणी वस्तू तीनच येतात हे लक्षात आलं ना?

हे बेताने सजवणं काही आम्ही शोधून काढलेलं नाही. आपल्या जुन्या बायकांना ते येत होतं. पालघरकडे वारली घरात लग्न निघालं की सवाशिणी भिंतीवर लग्नाचा चौक काढतात. गेरूने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. दोनच रंग. आकार तरी कोणते? गोल, त्रिकोण, चौकोन. मध्ये पालघट देवी. एवढ्या थोडक्यात ती भिंत सगळ्या घराला लग्नघर करून टाकते. याच चित्रांची परंपरा जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर नेली, जगभर पोचवली, आणि त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली.

खाली गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडाची एक चौकट, आणि तिला त्या ऋतूत आलेली फळं, भाज्या आणि रानातली फळं-पानं टांगायची. नारळ, सुपारीचे घड, काकडी, चिबूड, कवंडळं. वस्तू पुष्कळ असतात, तरी ती गचाळ दिसत नाही. का? एक तर सगळं चौकटीच्या आत असतं, बाहेर काही सांडत नाही. दुसरं, सगळं एकाच गोष्टीतलं असतं, यंदाच्या पावसाने रानात काय दिलं त्यातलं. ज्यांना भरगच्च आरास आवडते त्यांनी माटोळीकडे बघून शिकावं. भरा, पण चौकट आखून भरा.

आता जरा जपून ऐका, कारण पुढचं जिवाशी आहे. दिवे.

गौरीपुढे समई असते, मागे साडी असते, वर विजेची माळ असते. तेल, कापड आणि वीज तिन्ही एका हाताच्या अंतरावर. समई साडीपासून निदान दोन हात लांब ठेवा आणि पंख्याच्या वाऱ्यात नको. समईखाली पितळी ताट ठेवा. रात्री सगळे झोपणार असतील तर दिवा काचेच्या आत ठेवा. विजेची माळ एकच लावा, साडीवर न पसरता भिंतीच्या कडेने न्या. एका पिनेत चार-चार माळा खोचू नका. वायर सतरंजीखालून नेऊ नका, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी ती आतून तुटते आणि तापते. झोपताना विजेची माळ बंद करा. आणि लुकलुकणारे दिवे नकोत असं आमचं मत आहे. ते डोळ्यांना एका जागी ठरू देत नाहीत. पिवळा स्थिर उजेड गौरीच्या तोंडावर पडला की मुखवटा जिवंत वाटतो.

थर्माकोलचंही सांगायला हवं. महाराष्ट्रात मार्च 2018 च्या अधिसूचनेने सजावटीसाठी प्लास्टिक आणि थर्माकोल वापरायला बंदी घातली. पुढे 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. कायद्याचं सोडा, पण तो कुजत नाही, ओढ्यात वाहून जातो, जनावरांच्या पोटात जातो, आणि दिव्याची ज्योत लागली तर झटकन पेट घेतो. मखर हवंच असेल तर पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, कापड, केळीचे खुंट असं पुष्कळ आहे. आरास मांडतानाच एक विचार करा: चौथ्या दिवशी ही वस्तू कुठे जाणार? सूप स्वयंपाकघरात जाईल, साडी पेटीत जाईल, धान्य कणगीत जाईल. जी वस्तू नुसती उकिरड्यावर जाणार तिच्यावर पैसे घालायच्या आधी दोनदा विचार करा.

राहता राहिला कष्टाचा प्रश्न. ज्येष्ठेच्या दिवशी पुरणपोळी, भाज्या, कोशिंबिरी, वडे, खीर. हे सगळं जिने करायचं तीच रात्री दोनपर्यंत कमानी बांधत बसते आणि पहाटे चारला उठते. पूजेच्या दिवशी तिचं तोंड बघा, गौर टवटवीत आणि घरची लक्ष्मी सुकलेली. म्हणून मागची साडी, दोरी आणि मांडणी गौरी यायच्या दोन दिवस आधी झाली पाहिजे. दोरी बांधणं, मांडणी सरळ आहे की नाही बघणं, विजेचं काम, ही कामं घरातल्या पुरुषमाणसांना आणि पोरांना नावानिशी वाटून द्या. “कुणीतरी करा” म्हटलं की कुणीच करत नाही, हा आपला अनुभव आहे. आदल्या रात्री बाईच्या वाट्याला फक्त फुलं उरली पाहिजेत. बेताच्या आरासीचा सगळ्यांत मोठा फायदा तोच, की करणारीलाही खाली बसून गौरीकडे बघता येतं.

आणि शेवटी वजाबाकी. सगळं मांडून झालं की दारात जाऊन उभ्या राहा. पाहुणीच्या नजरेने बघा. नजर आधी कुठे गेली? गौरीच्या मुखावर गेली तर बरोबर. दिव्यांवर किंवा कमानीवर गेली तर तिथलं काहीतरी काढायचं. मग एकेक वस्तू बघत विचारा, ही काढली तर कुणाला कळेल का? नाही कळणार, असं उत्तर आलं की काढून ठेवा. आमच्या अनुभवात दोन-तीन वस्तू तरी निघतातच. काढताना जिवावर येतं, काढल्यावर खोली मोठी दिसते.

आता गटांसाठी एक सूचना. त्या प्रकारानंतर आमच्या गटाने सामायिक पेटी केली. तिच्यात सुती दोरीची गुंडाळी, साध्या रंगांच्या चार जुन्या साड्या, दोन मोठी सुपं, घोंगडी, पिवळ्या दिव्यांच्या तीन माळा आणि एक चांगली वायर आहे. गौरी सगळ्यांकडे एकाच दिवशी येतात, म्हणून पेटी गौरीपुरतीच ठेवली नाही. चैत्रातलं हळदी-कुंकू, नवरात्र, बारसं, डोहाळजेवण, संक्रांत, वर्षभर ती फिरते. गौरीत वस्तू वाटून घेतो, कुणाला माळ, कुणाला सुपं. वहीत नोंद असते. आणि आरासीची स्पर्धा आम्ही ठेवली नाही. पहिला-दुसरा नंबर आला की खर्च वाढतो आणि मनं दुखतात. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या जणी मिळून घरोघर जातो आणि प्रत्येक घरी तिथल्या बाईला विचारतो, “हा विषय का घेतलास ते सांग.” ती बोलते, आम्ही ऐकतो. ज्या काकू ठराव करा म्हणत होत्या त्याच आता सगळ्यांत पुढे असतात. गटात अजून मतभेद आहेत. आरासीला कर्ज द्यावं की नाही यावर दोन तट आहेत. पण गेल्या गौरीत एकीनेही मागितलं नाही, एवढं खरं.

तर मैत्रिणींनो, लक्षात ठेवायचं ते पुन्हा सांगतो. आधी माणसांची जागा, मग आरास. विषय एकच, आणि ज्यावर आपल्याला बोलता येतं तो. एक मुख्य, दोन सोबती, बाकी गप्प. समई साडीपासून दोन हात लांब. दोन दिवस आधी जड कामं उरकायची, ती वाटून द्यायची. आणि दारात उभं राहून दोन-तीन वस्तू काढायच्या.

तुमच्या गावात यंदा कोणता विषय घेताय ते केंद्रावर कळवा. पोस्टकार्ड टाका, नाहीतर निरोप धाडा. निवडक आरासींचं वर्णन आपण इथे वाचून दाखवू. ज्यांच्याकडे गावरान बियाणं आहे त्यांनी पुडीवर नाव आणि पेरणीचा महिना लिहून ठेवा, म्हणजे बदली करायला सोपं जाईल.

गौरी तुमच्या घरी सुखाने येवोत, जेवोत आणि पुन्हा येते म्हणून जावोत. नमस्कार.